भिंगरीची दुपार

ज्या माणसाला निम्मे शहर 'मास्तर' म्हणून ओळखत होते, त्याने उभ्या आयुष्यात खडू हाती धरला नव्हता. मास्तर कुत्र्यांना शिकवत. बंद पडलेल्या एका गोदामामागे सिमेंटचे पटांगण होते. त्याच्या भेगांतून गवत उगवलेले, एका बाजूला गंजक्या पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला मास्तरांच्या घराची मागची भिंत. तिथे रोज सकाळी त्यांची शाळा भरे. विद्यार्थी चार पायांचे, पालक दोन पायांचे. दोघांपैकी शिकवायला अवघड कोण, असे कोणी विचारले तर मास्तर उत्तर देत नसत. नुसते पालकांकडे पाहत.

या शाळेचा सगळा डोलारा एकाच तत्त्वावर उभा होता, आणि ते मास्तरांना कोणत्याही पुस्तकाने दिलेले नव्हते. तरुणपणी ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. फाटकाशी एक कुत्रा बांधलेला असे. आधीच्या पहारेकऱ्यांनी त्याला काठीने शिकवले होते. म्हणजे काठी दिसली की तो शहाणा आणि काठी नजरेआड झाली की मोकाट. मास्तरांनी काठी टाकून दिली आणि स्वतःच्या डब्यातले मांसाचे तुकडे खिशात ठेवायला सुरुवात केली. कुत्रा बसला की तुकडा. थांबला की तुकडा. भुंकायचे तिथे भुंकला आणि गप्प राहायचे तिथे गप्प राहिला, तरी तुकडा. पुढे त्या कुत्र्याने फाटक असे काही सांभाळले की कारखान्याच्या मालकाने आपल्या बंगल्यावरचा कुत्राही या पहारेकऱ्याकडे शिकायला पाठवला, आणि हळूहळू पहारेकऱ्याचा मास्तर झाला. बक्षीस हातोहात मिळाले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. "कुत्र्याला मघाशी कळत नाही, उद्या कळत नाही," ते पालकांना सांगत. "त्याला फक्त आत्ता कळतं. तुम्ही विचार करत बसलात की तो आत्ता गेला."

म्हणून मास्तर विचार करत बसत नसत. डाव्या हातात दोर, उजव्या हाताशी कमरेला बांधलेली कापडी थैली, आणि थैलीत उकडून, बारीक कापून, मंद आचेवर सुकवलेले मांसाचे तुकडे. कुत्र्याचे बूड जमिनीला टेकते न टेकते तोच तुकडा त्याच्या जिभेवर असे. मध्ये 'शाब्बास' कधी बसे, कधी राहून जाई. हात मात्र चुकत नसे.

थैली त्यांच्या बायकोने शिवलेली होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचे शिवणयंत्र होते आणि त्यावर ती दिवसभर कुत्र्यांचे पट्टे आणि दोर शिवत बसे. जाड कापडात सुई अडली की ती यंत्राला नावे ठेवी, आणि यंत्राला ठेवलेली नावे पुष्कळदा मास्तरांना लागू पडत. दोघांचे बोलणे बहुतेक या मार्गानेच चाले.

भिंगरी ही 'म्हातारी'च्या शेवटच्या वेतातली. म्हातारी म्हणजे मास्तरांची जुनी, दणकट, जातिवंत कुत्री. तिची पिल्ले आसपासच्या कितीतरी फाटकांवर उभी होती, आणि मास्तरांच्या नावाचा निम्मा दबदबा खरे तर तिचा होता. शेवटच्या वेतातली सगळी पिल्ले लोकांनी नेली. त्यातला सर्वांत आडदांड नर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने नेला आणि त्याचे नाव ठेवले ठोंब्या. उरली ती एक मादी, भावंडांच्या निम्म्या अंगाची. ती कोणी उचलली नाही, आणि मास्तरांनीही ती कोणाला उचलू दिली नाही. थाळी पुढे आली की ती आनंदाने स्वतःभोवती गरगर फिरे, म्हणून भिंगरी.

"ही माझी शेवटची," त्यांनी बायकोला सांगितले. "हिला शिकवतो आणि दुकान बंद करतो."

"बंद करून काय करणार?"

"हिच्याबरोबर फिरायला जाईन. मला म्हातारपणी कोणीतरी ऐकणारं नको का?"

"मी ऐकतेच की."

"तू उत्तरंही देतेस."

पहिल्या काही दिवसांत भिंगरीने त्यांना थक्क केले. जे शिकायला इतर पिल्ले रडकुंडीला येत ते ती एकदोनदा पाहून उचले. बस, थांब, ये, शोध. मास्तरांनी बोटाने नुसती हवा कापली तरी ती समजे. आपण जन्मभर जे कुत्रे शिकवत आलो ते सगळे या एका कुत्रीची पूर्वतयारी होते की काय, असे त्यांना वाटू लागले.

आणि मग भिंगरीच्या दुपारी सुरू झाल्या.

सकाळच्या वर्गात भिंगरी लखलखत असे. दुपारी तीच कुत्री पुढच्या खोलीत येऊन भिंतीला कपाळ टेकवून उभी राही. ना झोप, ना जाग. तोंडातून लाळेची तार लोंबे. नाव घेतले तर कान हलत, पण मान वळत नसे. कधी ती शिवणयंत्राच्या टेबलाखाली शिरे आणि बाहेर कसे यायचे ते विसरल्यासारखी तिथेच थिजे. कधी खोलीभर गोल फिरत राही. पण तिचे नावच भिंगरी होते, त्यामुळे त्या फिरण्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही. पाहुण्यांना तर त्याचे कौतुकच वाटे. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा शहाणी होई.

मास्तरांनी आधी तो हट्ट मानला. मग कान तपासले. मग डोळ्यांसमोर बोट फिरवून पाहिले. जंताचे औषध दिले. शेवटी त्यांना स्वतःचाच संशय आला: आपला आवाज बदलला असेल, खुणा ढिल्या पडल्या असतील, म्हणून सकाळी शिकलेले दुपारी तिच्या डोक्यातून गळून जात असेल. यावर त्यांच्याकडे एकच इलाज होता, तो त्यांनी केला. धडे वाढवले, आणि धड्यांबरोबर तुकडे.

"तुमच्या शाळेला कंटाळली ती," बायको म्हणाली. "मुलं भिंतीकडे तोंड करून बसतात ना, तशी बसते."

"मुलांना शिक्षा म्हणून बसवतात. हिला कोणी शिक्षा केली?"

"ते तुम्हीच बघा. मी आपली पट्टे शिवणारी."

अशात त्यांना एक कुत्रा पाहायला परगावी जावे लागले. शाळेला सुट्टी होती. बायकोला सुकवलेल्या तुकड्यांचा वास सहन होत नसे, म्हणून ती भिंगरीला पाव आणि दूध देत राहिली. मास्तर परतले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"अहो, ऐका तर. तुम्ही नव्हता तर दुसरीच कुत्री होती ही! दुपारी माझ्या पायाशी बसून सुताचं रीळ आणून देत होती. एकदाही भिंतीला चिकटली नाही."

 मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, पण आधी लागले. आपण नसताना कुत्री शहाणी असते याचा अर्थ काय लावायचा? जन्मभर त्यांनी पालकांना ऐकवले होते, की कुत्रा बिघडला तर माणसाकडे पाहा. आता पाहण्यासारखा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगरीला एकटीला पटांगणात नेले आणि सगळी विद्या पणाला लावली. भिंगरीही त्या दिवशी अशी काही चालली की शेडखाली थांबलेल्या बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा हात थैली आणि कुत्री यांच्यामध्ये सारखा जा-ये करत होता. थैली रिकामी झाली तेव्हा ते आत जाऊन ती पुन्हा भरून घेऊन आले. आपली कुत्री आपण परत मिळवली, असे वाटून ते घरात गेले.

जेवण उरकते न उरकते तोच पुढच्या खोलीत टेबल उलटले. भिंगरी टेबलाच्या पायांवर, भिंतीवर, यंत्राच्या चाकावर आदळत होती. डोळे उघडे होते, पण तिला काही दिसत नव्हते. मग ती आडवी पडली आणि चारही पाय ताठ होऊन झटके देऊ लागले. बायकोने हातातले कापड तिच्या डोक्याखाली सरकवले. मास्तर मात्र उभेच राहिले. "बस," ते म्हणाले. "भिंगरी, बस." पडलेल्या कुत्रीला बस म्हणत आहोत, हे त्यांना दवाखान्याच्या वाटेवर उमगले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. लहानपणी त्यांचा कुत्रा मास्तरांच्या शाळेत होता, आणि कुत्र्यापेक्षा जास्त बोलणी आपल्याला बसली होती हे त्या विसरल्या नव्हत्या. सलाइन लावून, एनिमा देऊन त्यांनी भिंगरीला सावरले. पत्र्याच्या थंड टेबलावर ती डोळे मिटून पडली आणि डॉक्टरबाईंचे प्रश्न सुरू झाले.

"भावंडांपेक्षा ही इतकी लहान का, मास्तर?"

"शेवटची जन्मली."

"खाल्ल्यावर बिघडते का?"

"खाण्याचा काय संबंध? तिला शिकवलं की बिघडते."

"शिकवता म्हणजे नेमकं काय करता?"

मास्तरांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्या क्षणभर पुन्हा शाळकरी झाल्या. मग डॉक्टरबाईंनीच थैलीकडे बोट दाखवले. "त्यातलं किती जातं पोटात?"

मास्तरांना सांगता येईना. थैली किती वेळा भरली ते सांगता आले असते; हात किती वेळा गेला ते त्यांनी कधी मोजलेच नव्हते.

पहिल्या रक्ततपासणीत लाल पेशी नेहमीपेक्षा लहान निघाल्या, युरिया कमी निघाला. "कमी म्हणजे चांगलंच ना?" मास्तरांनी विचारले. "एरवी चांगलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे मला ते आवडत नाही. युरिया यकृत बनवतं. कमी आहे, म्हणजे यकृत काम टाळतंय, किंवा काम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये." मग त्यांनी यकृताचे काम जोखणारी पित्ताम्लांची तपासणी सांगितली: रक्त एकदा उपाशीपोटी घ्यायचे, मग कुत्रीला खाऊ घालायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचे.

त्या सकाळी उपाशी भिंगरी दवाखान्यात आली ती शेपटी हलवत. तिने बाकावर बसलेल्या मांजराच्या टोपलीचा वास घेतला आणि मास्तरांनी बोट हलवताच बसली.

"बघा," मास्तर म्हणाले. "हिला काही नाही. तुमचा आकडाही तेच सांगेल."

पहिला आकडा खरोखरच फारसा वाईट नव्हता. दुसरा आला तेव्हा डॉक्टरबाईंनी यंत्रात काही चुकले नाही ना म्हणून तो पुन्हा काढून पाहिला. तोपर्यंत इकडे बाकाखाली भिंगरीने कपाळ भिंतीला टेकवले होते.

"एकाच कुत्रीचे दोन आकडे, मग खरा कोणता?"

"दोन्ही खरे, मास्तर. आजार त्यांच्यामध्ये आहे."

हे वाक्य मास्तरांनी घरी जाऊन बायकोला जसेच्या तसे सांगितले. तिने विचारले, "म्हणजे काय?" तेव्हा त्यांनी पुन्हा तेच सांगितले.

सोनोग्राफीत यकृत लहान दिसले आणि त्याच्यातून आरपार गेलेली एक शीर दिसली, जी तिथे असायला नको होती. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवून समजावले. आतड्यातून येणारे रक्त आधी यकृतात जाते, तिथे ते स्वच्छ होते आणि मग बाकीच्या अंगात फिरते. पिल्लू आईच्या पोटात असते तेव्हा ते काम आईच्या अंगातच होते, म्हणून पिल्लाच्या यकृतातून एक आडवाट असते. रक्त न थांबता पुढे निघून जाते. जन्मानंतर लवकरच ती वाट आपोआप बुजते. भिंगरीची बुजली नव्हती.

मास्तर पडद्यावरच्या करड्या धुक्याकडे डोळे बारीक करून पाहत होते. "म्हणजे फाटकावर पहारेकरी आहे," ते हळूहळू म्हणाले, "पण गाड्या मागच्या कच्च्या रस्त्यानं आत चालल्यात."

"अगदी. आणि फाटकावर काही येतच नाही म्हणून पहारेकरीही खुरटलाय. मांस पचताना अमोनिया तयार होतो. तो न अडता थेट मेंदूत जातो, आणि मग हिला भिंत आणि दार यातला फरक कळत नाही."

"म्हणजे मी तिला... ती बरोबर करायची, मी तुकडा द्यायचो... जितकं जास्त बरोबर, तितकं..."

त्यांनी वाक्य सोडून दिले. डॉक्टरबाईंनीही ते उचलले नाही.

"हे आईबापाकडून येतं," त्या म्हणाल्या. "म्हातारीला आणि या पिल्लांच्या बापाला पुन्हा एकत्र आणायचं नाही."

इथे मात्र मास्तर उसळले. "म्हातारीला? ती आयुष्यात साधी शिंकली नाही!"

"तिला स्वतःला नसेलच. तिच्याकडून पुढे जातं."

ठोंब्याचीही तपासणी झाली. बेकरीत दिवसभर जमिनीवर सांडेल ते गिळणाऱ्या त्या प्राण्याचे दोन्ही आकडे निर्मळ निघाले. बेकरीवाल्याला आपण परीक्षा पास झाल्यासारखे वाटले, पण त्याचीही पिल्ले होऊ द्यायची नाहीत हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मास्तर घरी येऊन बराच वेळ म्हातारीसमोर बसून राहिले. ती ऊन खात पडली होती. एकाच पोटातून एक धडधाकट यावा आणि एकीच्या अंगात ती वाट उघडी राहावी, यात हिचा दोष किती, बापाचा किती, आणि यांची जोडी ठरवणाऱ्याचा किती? जोडी मास्तरांनीच ठरवली होती. दोघांचेही कान एकसारखे उभे राहत म्हणून.

उपाय सांगितले गेले. पोट साफ ठेवून अमोनिया बाहेर काढणारे लॅक्टुलोजचे गोड, चिकट औषध, एक प्रतिजैविक, थोडे थोडे पण पुष्कळ वेळा जेवण. मांस बंद, त्याऐवजी दूध, पनीर, सोयाबीन, बटाटा. "पण प्रथिनं अजिबात बंद नाही करायची," डॉक्टरबाईंनी बजावले. "वाढतं अंग आहे." शस्त्रक्रिया होती, मोठ्या रुग्णालयात. ती वाट हळूहळू बंद करतात. एकदम केली तर खुरटलेल्या यकृताला एवढे रक्त पेलवत नाही. धोका होता, आणि आधी भिंगरी सावरायला हवी होती. "दुपारी भिंतीपाशी जायची थांबली की पुढचं बोलू. नाहीतर तिला भूल झेपायची नाही."

भिंगरीचे सगळे भवितव्य असे त्या एका दुपारवर येऊन टेकले.

स्वयंपाकघर बायकोने हाती घेतले. भिंगरीचे जेवण ती वेगळ्या वाटीत करी आणि औषध पाजताना तिच्याशी असे बोले, की दाराला कान लावून ऐकणाऱ्याला वाटावे आत सून आली आहे. शाळा बंद होती तो आठवडा बरा गेला. मग शाळा पुन्हा सुरू झाली आणि दुपारी परत आल्या. तितक्या भयंकर नाहीत, पण आल्या. डॉक्टरबाईंनी औषध वाढवले. भिंगरीला जुलाब झाले, भिंत काही सुटली नाही.

"घरात कोणी चोरून देतं का?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"कोण देणार? मी आणि ही. आणि मी तर तिला वर्गात घेतच नाही. कडेला बसवून ठेवतो."

"एकही तुकडा नाही?"

"शपथेवर सांगतो. एकही नाही."

मास्तर खोटे बोलत नसत, हे बायकोला ठाऊक होते. तिला हेही ठाऊक होते, की वाटीत तिने काही चुकीचे घातलेले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, मग कुत्री आजारी कशी? तिला रात्री झोप येईना. सकाळी ती यंत्र सोडून स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत उभी राहिली. ती खिडकी पटांगणावर उघडत होती.

वर्ग चालू होता. भिंगरी शेडच्या सावलीत शहाण्यासारखी बसली होती. मास्तर ठोंब्याला शिकवत होते. ठोंब्या बसला, तुकडा मिळाला. ठोंब्या उठला आणि मास्तरांच्या पायांत अडखळला. बेकरीवाला हसला. मास्तर वळून त्याला काही तरी ऐकवू लागले आणि ऐकवता ऐकवता भिंगरीजवळून गेले. ती हलली नव्हती, नीट बसली होती. मास्तरांचा उजवा हात थैलीत गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. बोलणे कुठे थांबले नाही. नजर बेकरीवाल्यावरच होती.

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा.

बायको पटांगणात आली ती हाताला लागलेल्या सुताच्या धाग्यांसकट. ती भिंगरीच्या बाजूला उभी राहिली.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. शिकवा तुम्ही."

ते शिकवू लागले. एका फेरीत भिंगरीजवळून जाताना त्यांचे मनगट अचानक कोणीतरी घट्ट धरले. त्यांनी खाली पाहिले. बायकोच्या मुठीत त्यांचा हात होता, आणि त्या हाताच्या दोन बोटांत सुकवलेल्या मांसाचा तुकडा. भिंगरी मान वर करून त्याच्याकडे पाहत होती.

"हे कोण देतंय?" बायकोने विचारले.

मास्तर आपल्या हाताकडे असे पाहत राहिले, जणू तो बाजारात सापडलेला, कोणाचा तरी हरवलेला हात होता. "मी... मी नाही दिला."

"मग कोणी दिला?"

"मला माहीत नाही."

बेकरीवाल्याने तोंड उघडले, पण मास्तरीणबाईंचा चेहरा पाहून मिटले. मास्तर खाली बसले, तिथेच सिमेंटवर. मग म्हणाले, "ती नीट बसली होती ना. म्हणून गेला असेल."

पुढचे काही दिवस या हाताला सुधारण्यात गेले. थैली डाव्या बाजूला बांधली, तर डावा हात लवकरच तेच शिकला. हात खिशात ठेवून शिकवले, तर कुत्रे गोंधळले आणि मास्तर त्याहून. बेकरीवाल्याने सुचवले, "मास्तर, तुमच्यासाठी कोणी मास्तर बघायचा का?" त्यावर मास्तर चिडले नाहीत, गंभीरपणे विचारात पडले, आणि त्यामुळे बेकरीवालाच ओशाळला. भिंगरीला पटांगणात आणायचेच नाही, असेही एकदा ठरले. पण बंद दाराआड ती इतकी केविलवाणी रडली, की मास्तर वर्ग अर्धा टाकून घरात आले आणि 'गप्प बस' म्हणताच ती गप्प बसली तेव्हा त्यांचा हात पुन्हा कमरेकडे निघाला.

शेवटी तोड बायकोने काढली. "हात बदलत नाही तुमचा, राहू द्या. थैलीतलं बदला."

"म्हणजे?"

"बटाटा. डॉक्टरबाईंनी चालेल म्हटलंय. उकडते, बारीक कापते. द्या हवा तितका, हवा त्याला."

"बटाट्यासाठी कोणता कुत्रा बसेल?"

"ते तुमची विद्या बघून घेईल."

विद्येने काही बघितले नाही. ठोंब्याने पहिला तुकडा तोंडात घेतला, मास्तरांकडे पाहिले आणि तो अलगद त्यांच्या बुटावर ठेवला. एक जुना विद्यार्थी शाळा सोडून गेला. पालक म्हणाले, मास्तरांचे वय झाले. ज्या शाळेत डोळे मिटून कुत्रे बसत होते तिथे मास्तरांना आता घसा बसेपर्यंत 'शाब्बास' म्हणावे लागे, आणि तरी निम्मे कुत्रे गवत हुंगत असत. जन्मभर शिकवले ते आपण की त्या मांसाने, असा प्रश्न त्यांना पडे. तो ते कोणाला विचारत नसत. भिंगरी मात्र बटाटा खाई. तिला काय खाल्ले यापेक्षा कोणी दिले याचेच अप्रूप असावे. किंवा नुसती भूक असावी. मास्तरांनी पहिला अर्थ धरला होता, पण हल्ली आपण धरलेल्या अर्थांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

दुपारी निवळू लागल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त घेतले आणि आकडा पाहून मास्तरांचे तोंड उतरले. खाल्ल्यानंतरचा आकडा जवळजवळ होता तिथेच होता.

"औषधानं तो उतरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाट तर उघडीच आहे ना. मी शस्त्रक्रियेआधीची नोंद म्हणून घेतला. तुम्ही आकडा नका बघू, कुत्री बघा. ती दुपारभर नीट राहिली तर मी मोठ्या रुग्णालयात बोलते."

"कुत्री बघू?" मास्तर म्हणाले. "डॉक्टरबाई, मी आधीही कुत्रीच बघत होतो."

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने भिंगरीची वाटी खाली ठेवली. भिंगरीने ती चाटूनपुसून साफ केली. मास्तर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. यंत्र टकटक चालले होते. भिंगरी दाराशी गेली, परत आली, टेबलाखालून एक चिंधी ओढून तिने ती चावली आणि सोडून दिली. मग ती उठून भिंतीपाशी गेली.

मास्तर खुर्चीच्या कडेला आले. भिंगरीचे नाक भिंतीच्या अगदी जवळ होते. टेकले होते की नव्हते ते त्यांना दिसेना. तिथे रंगाचा एक पोपडा सुटलेला होता, तो ती हुंगत असेल. किंवा नसेल.

"भिंगरी."

तिने मान वळवली. लगेच वळवली का? त्यांना वाटले, क्षणभर उशीर झाला. की त्यांनीच हळू हाक मारली होती? ती पुन्हा भिंतीकडे वळली.

"भिंगरी!"

ती पुन्हा वळली. या वेळी लगेच. पण आधीची हाक कानात असल्यामुळे लगेच, असेही असू शकते.

"भिंगरी, ये."

ती आली, त्यांच्या पायाशी बसली आणि वर पाहू लागली. मास्तरांनी वाकून तिच्या डोळ्यांत निरखून पाहिले. ते स्वच्छ होते असे त्यांना वाटले. "जा," ते म्हणाले. ती गेली. "ये." ती आली. "जा. ये. भिंगरी, बस. ऊठ. ये. भिंगरी!"

भिंगरी खोलीच्या मधोमध थांबली. एक पाय वर उचललेला. जायचे की यायचे, तिला कळेना. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

यंत्र थांबले. "अहो," बायको म्हणाली, "असं बोलावलंत तर माझंसुद्धा डोकं फिरेल. तिला बसू तर द्या."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. भिंगरीने वर उचललेला पाय खाली ठेवला. तिने एकदा यंत्राकडे पाहिले, एकदा मास्तरांकडे, आणि मग खोलीच्या मधोमध, भिंतीपासून दूर, ती आडवी झाली.

"झोपली?" मास्तरांनी कुजबुजत विचारले.

"झोपली."

"नक्की झोपच आहे ना?"

बायकोने सुईत दोरा ओवला आणि उत्तर देण्याऐवजी आपल्या शेजारची दुसरी खुर्ची पायाने भिंगरीच्या दिशेने सरकवली. मास्तर उठून तिथे जाऊन बसले. भिंगरीचे पोट संथपणे वर जाई, खाली येई. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून खोलीत आला होता आणि दुपार संपायला अजून बराच अवकाश होता. उद्या दवाखान्यात काय सांगायचे, ते मास्तर मनाशी जुळवू लागले. नीट होती, असे सांगावे. बहुधा नीट होती, असे सांगावे. की डॉक्टरबाईंनीच एक दुपार इथे येऊन बसावे, असे सांगावे?